आसट म्हणजे नेमका किती आसट?

प्रश्न : ताई नमस्कार, मी नाशिकला सिडकोत राहतो. महिन्यापूर्वी आई बाथरूममध्ये पडली, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, बायकोची सकाळची शिफ्ट असते त्यामुळे सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आलाय. आई खुर्चीत बसून सांगते, पण तिचं सांगणं असं की भात आसट ठेव, मटकी बोटचेपी राहू दे, वरणाची डाळ मात्र मेण झाली पाहिजे. किती शिट्ट्या विचारलं तर म्हणते शिट्ट्यांचं काय सांगू, हाताला कळतं. माझ्या हाताला काहीच कळत नाही. त्यात मुलीला भात मोकळाच लागतो, आणि मधेच पास्ता. प्लीज नीट समजावून सांगा.

उत्तर : दादा, आई अगदी बरोबर सांगतेय. हे जे शब्द आहेत ना, ते प्रत्येक शब्द म्हणजे हाताने करून बघायची एक परीक्षा आहे, आणि शिट्टीचं म्हणाल तर गॅस मोठा असला की शिट्ट्या भराभर होतात आणि आत डाळ तशीच, म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि मिनिटं मोजा. आणखी एक, नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथे पाणी १०० नाही तर ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे मुंबईच्या रेसिपीतली उघड्या पातेल्याची मिनिटं आपल्याकडे थोडी कमी पडतात.

आता भात. एक शीत घ्या, दोन बोटांत दाबून पसरवा, मधोमध पांढरा टणक ठिपका दिसला तर कणी राहिलीये, अजून शिजू द्या. कणी गेली, शीत सबंध आहे आणि एकमेकांना चिकटत नाही, तो मोकळा. दाबल्यावर शीत लगेच पसरतं, भात ओलसर आहे पण ताटात पळत नाही, तो आसट. त्याच्याही पुढे घोटून शीत ओळखू येईनासं झालं की गुरगुट्या, तो आजारी माणसाला आणि लहान बाळाला. इगतपुरीकडचा इंद्रायणी आणत असाल तर तो मुळातच चिकट, त्याला मोकळा करायच्या मागे लागू नका, आईसाठी मात्र तो फार छान. दोन भात लावायची गरज नाही, जुन्या तांदळाचा मोकळा भात करा, मुलीचा काढून घ्या आणि उरलेल्यात उकळतं पाणी घालून झाकण ठेवून ७-८ मिनिटं बारीक गॅसवर ठेवा, आईचा आसट तयार. गार पाणी घालू नका, चव जाते.

बोटचेपी म्हणजे बोटांनी चेपली तर दबते पण साल आणि आकार शाबूत. मिसळीची मटकी अशीच हवी, नाशिककरांना हे काय सांगायचं, मटकी फुटली की रस्सा गढूळ होतो आणि खाताना दाताखाली काही येतच नाही. मोड आलेली मटकी लवकर शिजते, तिला कुकर नकोच, पातेल्यात ठेवा आणि दर २ मिनिटांनी एक दाणा चेपून बघा. वरणाची तूरडाळ उलटी, डावाने घोटली की दाणा उरता कामा नये. चिंच, आमसूल, टोमॅटो जे काय असेल ते डाळ शिजल्यावरच घाला, आंबट आधी पडलं की डाळ लवकर मऊ होत नाही, बटाट्याचंही तेच. पुरणाची हरभरा डाळ दोघींच्या मधली, चिमटीत सहज चिरडावी पण कटात विरघळून जाऊ नये.

पास्त्याला इटालियन लोक ‘अल देंते’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘दाताला’. चावताना किंचित लागला पाहिजे. तुकडा मोडून बघा, मधे अगदी बारीक पांढरी रेघ उरली की गाळून घ्या, बाकीचा सॉसमध्ये शिजतो. ही आपली कणीचीच परीक्षा आहे, फक्त भातात कणी चालत नाही आणि इथे थोडी हवी असते.

भरताचं वांगं बाहेरून काळं झालं म्हणजे झालं असं समजू नका, देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी शिजतो, तिथे सुरी टोचा, लोण्यात गेल्यासारखी अलगद गेली पाहिजे.

राजमा मात्र अर्धकच्चा अजिबात नको. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, मग नवीन पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळू द्या, आणि नंतर दाणा जिभेने टाळूवर दाबला तरी चिरडेल इतका शिजवा. चिकनचंही तसंच, हाडाजवळ गुलाबी दिसलं तर परत गॅसवर.

आणि हाताला कळायचं म्हणाल तर आईचा डावा हात मोकळा आहे ना? गॅस बंद करायच्या आधी दोन शितं फुंकून तिच्या डाव्या तळहातावर ठेवा, एक तिला दाबू दे आणि दुसरं तुम्ही दाबा, ती ‘झाला’ म्हणेल तेव्हा बोटांना काय लागलं ते लक्षात ठेवा. आठवडाभर रोज करा, मटकीचंही असंच करा, प्लास्टर निघेपर्यंत तुम्हाला विचारावं लागणार नाही.