बाबांच्या रिपोर्टातलं पीव्हीसी: एका पाइपवाल्याचं उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की निपाणीच्या बाबांचं (वय ६४) चोवीस तासांचं होल्टर (अंगाला लावून ठोके नोंदवणारं मशीन) झालं, रिपोर्टात 'पीव्हीसी १,८७०' असं आलं, नेटवर शोधल्यावर पाइपांच्या जाहिराती दिसल्या आणि काकांनी "हृदयात प्लॅस्टिक निघालं की काय" म्हणून घरभर घबराट केली. डॉक्टरांची भेट सोमवारी आहे, तोवर हे नेमकं काय ते कुणीतरी सांगा, असा तुमचा प्रश्न.

मी डॉक्टर नाही. पण या तीन अक्षरांशी माझं दुहेरी नातं आहे. सव्वीस वर्षं बेळगावात पाइप-फिटिंगचं दुकान चालवलं, आणि सहा वर्षांपूर्वी माझ्याच ईसीजीत पीव्हीसी निघाले.

आधी काकांचं पीव्हीसी. पॉलिव्हिनाइल क्लोराइड. वजनाने निम्म्याहून जास्त, साधारण ५७ टक्के, त्यात क्लोरीन असतो आणि तो मिठापासून येतो. उरलेला भाग पेट्रोलियमचा. चिकोडी-हुक्केरीकडचे ऊसवाले यायचे ते थेट "अण्णा, सहा केजीचा तीन इंची द्या की" म्हणत. सहा केजी म्हणजे पाइपचं वजन नव्हे, तो किती दाब सोसतो ते. हा पाइप मुळात कडक. त्यात मऊ करणारं द्रव्य मिसळलं की त्याचीच वायरची कव्हरं, सलाइनच्या नळ्या आणि रक्ताच्या पिशव्या होतात. म्हणजे दवाखान्यात हे पीव्हीसी असतं खरं, पण बाबांच्या शरीराबाहेर. (जाता जाता: सोलरच्या गरम पाण्याला साधा पीव्हीसी लावू नका, त्याला सीपीव्हीसी लागतो. मी स्वतःच्या घरी घाईत साधा लावला आणि उन्हाळ्यात पाइपची कमान झाली. दुकानदाराच्या घरचीच गोष्ट, गिऱ्हाइकांना कधी सांगितली नाही.)

बेळगाव लष्कराचं गाव. इथे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. निवृत्त जवानांना विचाराल तर नावापुढचं पीव्हीसी म्हणजे परमवीर चक्र. आपल्या राज्यातल्या कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे यांना ते मिळालं, १९४८ साली नौशेरा-राजौरी वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना रस्ता करून दिल्याबद्दल. पदकाचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकर यांचं, जन्माने युरोपियन आणि लग्नाने आपल्या. आणि आधारचं 'पीव्हीसी कार्ड' मागवलंत तर तिथे पुन्हा प्लॅस्टिकच. शेजारी काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय या अक्षरांचा अर्थ लावू नये.

आता बाबांचं. प्रीमॅच्युअर व्हेंट्रिक्युलर कॉन्ट्रॅक्शन, म्हणजे वेळेआधी पडलेला ठोका. एरवी ठोक्याचा इशारा हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातून निघतो. इथे खालच्याच कप्प्यातला एखादा ठिपका मध्येच इशारा देऊन मोकळा होतो. कप्पा अजून पुरता भरलेला नसतो, त्यामुळे त्या ठोक्याला रक्त कमी पुढे जातं. मग थोडं थांबणं, तेवढ्यात कप्पा जास्त भरतो आणि पुढचा ठोका दणकून लागतो. मोटर हवा धरते तेव्हा पाणी अडखळून एकदम फचकन येतं ना, तसं. मला रात्री डाव्या कुशीवर झोपलं की ते जाणवायचं. मनगटावर बोट ठेवलं तर टक्, टक्, टक्... मग काहीच नाही... मग धप्प. "ठोका चुकला" म्हणतात ती हीच जागा. खरं तर तो चुकलेला नसतो, लवकर आलेला असतो आणि मनगटापर्यंत पोचलेला नसतो. म्हणूनच घरचं बीपी मशीन कधी कधी पल्स ४२ वगैरे दाखवतं, घाबरू नका. दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टात हेच व्हीपीसी किंवा व्हीई म्हणून येतं. रक्ताच्या तपासणीतलं पीसीव्ही मात्र वेगळं, तिथे अक्षरंच उलटीपालटी आहेत.

१,८७० आकडा मोठा वाटतो. रिपोर्टात एकूण ठोके ९८,४०० आहेत असं तुम्हीच लिहिलंय. भागाकार करा: १.९ टक्के. दिवसाला लाखभर ठोके पडतात, त्यात असे काही निघणं निरोगी माणसातही होतं. हे प्रमाण १०-१५ टक्क्यांच्या वर गेलं तर हृदय हळूहळू अशक्त होण्याची भीती असते, म्हणून डॉक्टर टक्केवारी बघतात. आणखी दोन गोष्टी बघतात. ठोके सुटे आहेत की लागोपाठ तीन किंवा जास्त आलेत, आणि इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचं पंपिंग कसं आहे. माझ्या वेळी मशीनवरच्या मुलाने "पीव्हीसी खूप आहेत हो" एवढंच म्हणून मला बाहेर बसवलं, आणि पुढचे चार तास मी मृत्युपत्र मनात लिहीत होतो. टक्केवारी काढली तर दोनसुद्धा भरली नाही.

सोमवारी डॉक्टरांना काही न लपवता सांगा: तंबाखू (निपाणीत राहून हे विचारायला मलाच लाज वाटते), दिवसाचे चहा, दारू, झोप, आणि बीपीसाठी लघवीची गोळी चालू आहे का. त्या गोळीने पोटॅशियम उतरलं तरी असे ठोके वाढतात. पण गोळी मनाने बंद करू नका. मी तंबाखू मळणं सोडलं आणि रात्रीचा चहा तोडला, बराच फरक पडला. औषध घ्यावं लागलं नाही. बाबांचं तसंच होईल असं मी म्हणत नाही.

चक्कर येऊन पडले, छातीत दुखलं, दम लागला, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर सोमवारची वाट न बघता आजच न्या.

इको झाल्यावर ईएफचा, म्हणजे पंपिंगचा, आकडा इथे टाका. आणि काकांना सांगा, पाइप लागला तर दुकान अजून आहे, आता मुलगा बसतो.