फेस बघायला शीक

बाळा, कोल्हापुरातनं थेट राजस्थानला शिसे-जस्ताच्या प्लांटवर निघालायस, तर आधी गुऱ्हाळ आठव. काहिलीवरची मळी आपण काढून टाकतो. तिथं फ्लोटेशनमध्ये, दळलेल्या खनिजाच्या पाण्यात हवा सोडून, बुडबुड्यांना चिकटून वर आलेला फेस हाच माल.

क्रम तुला पाठ असेलच: झँथेटनं (खनिज बुडबुड्याला चिकटवणारं रसायन) आधी गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, वर, तोवर झिंक सल्फेट-सायनाइडनं स्फॅलेराइट, म्हणजे जस्ताचं खनिज, खाली दाबलेलं; मग चुना, कॉपर सल्फेट आणि जस्ताची पाळी. खरी गोम दळणात आहे. गॅलेना मऊ आणि जड, घनता 7.5. बारीक-भरड वेगळं करणारा सायक्लोन त्याला भरड समजून परत मिलमध्ये ढकलतो आणि त्याचं पीठ होतं. असं पीठ बुडबुड्याला नीट धरत नाही. टेलिंगमध्ये, म्हणजे शेवटी टाकून द्यायच्या गाळात, शिसं दिसलं की झँथेट वाढवू नकोस. मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि शिशाच्या फेसात जस्त भरलं! आधी नमुना चाळून बघ, शिसं कुठल्या मापात जातंय ते.

तिथल्या रामपुरा आगुचा खाणीच्या खनिजात ग्रॅफाइटही असतं, ते आपसूक तरंगतं. त्याचा बंदोबस्त आधीच करायचा.

सायनाइड असताना पीएच उतरला तर विषारी वायू सुटतो. तिथं ‘बघू की’ चालत नाही.

आणि रोज फेस पांढऱ्या बशीत घेऊन पाण्यानं हलकेच हलव. गॅलेनाची करडी, चमकदार रेघ वेगळी पडते.