बुरशीच्या पुडीवरची चिठ्ठी

प्रश्न : लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे वाळलेले नमुने हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पती व बुरशींच्या संग्रहात) जपून ठेवतात, असे वाचले. त्या नमुन्यांतून आजच्या अभ्यासकाला काय मिळते? त्यांत डीएनए शिल्लक असतो का?

उत्तर : डीएनए मिळतो, परंतु तुटक, आणि आमच्या मते पुडीतील खरे धन बुरशी नसून तिच्यासोबतची चिठ्ठी आहे. इमारती लाकडाला ‘कोरडी कूज’ आणणाऱ्या सर्प्युला लॅक्रिमन्स या बुरशीचेच पाहा. घडी घातलेल्या कागदात तिचा चपटा, सुरकुतलेला तुकडा असतो आणि घडीच्या कोपऱ्यात गंजाच्या रंगाची भुकटी साचलेली असते. ते तिचे बीजाणू. (वाढत असताना तिच्या अंगावर पाण्याचे थेंब जमतात, म्हणून लॅटिनमध्ये तिला ‘अश्रू ढाळणारी’ म्हटले, पुडीत अर्थातच त्यांचा मागमूस नसतो.) वनस्पतिशास्त्रज्ञ वुल्फेन यांनी 1781 मध्ये तिचे वर्णन बोलेटस या नावाखाली केले, पुढे ती मेरुलियस झाली आणि नंतर सर्प्युला. नमुना पुन्हा तपासणारा आपली चिठ्ठी जोडतो, जुनी मात्र काढत नाही. त्यामुळे एकाच पुडीत दोन-तीन नावे सापडली तर गोंधळून जाऊ नये.

बुरशी घरातील तुळईवर मिळाली की रानात पडलेल्या खोडावर, एवढी एक ओळ चिठ्ठीवर असली तरी तिचे मोल फार आहे. ही बुरशी अनेक देशांतील घरांत आढळते, पण रानात ती हिमालयासारख्या मोजक्या ठिकाणीच मिळते, आणि तिचे मूळ आशियात असल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसले. ती कोठे केव्हा पोहोचली, याचा डीएनएवरून अंदाज बांधता येतो. अमुक साली ती अमुक ठिकाणी होती, हे ठामपणे सांगते ती तारखेची पुडी. मात्र ‘रानातील’ अशी नोंद असलेला नमुना जपून वाचावा, कारण सर्प्युला हिमँटिऑयडिस ही तिची जवळची बहीण रानात वाढते आणि दिसायला बरीच तशीच, फक्त पातळ असते. तेथे डीएनएचाच आधार घ्यावा लागतो.

त्यासाठी संग्रहाच्या परवानगीने नखाएवढ्याहूनही लहान कण काढतात. बुरशी ओळखण्यासाठी वाचला जाणारा डीएनएचा आयटीएस हा भाग जुन्या नमुन्यात बहुधा सलग हाती लागत नाही, म्हणून तो दोन तुकड्यांत वाचतात. पूर्वी कीड लागू नये म्हणून अनेक नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराइड लावत असत. ते विषारी असल्याने अशी पुडी हातमोजे घालूनच उघडावी लागते.