वाचक विचारतात: अलीला हरवणाऱ्यांना ज्याने झोपवलं तो अलीकडूनच कसा हरला?

प्रश्न: ताई नमस्कार. माझा आणि मेव्हण्याचा वाद महिनाभर मिटत नाहीये. बॉक्सर मुहम्मद अलीला जो फ्रेझरने हरवलं, केन नॉर्टननेही हरवलं, आणि या दोघांना जॉर्ज फोरमनने दोन-दोन राऊंडमध्ये आडवं केलं. मग सरळ हिशोबाने फोरमनने अलीचा चुराडा करायला पाहिजे होता. मेव्हणा म्हणतो रिंगचे दोर ढिले केले होते म्हणून अली वाचला. खरं काय आहे?
- एक वाचक, मिरज

उत्तर: हिशोब तुम्ही एकट्यानेच नाही मांडला हो, 1974 मध्ये अली-फोरमन लढतीआधी जवळपास सगळ्यांनी असाच मांडला होता. अलीच्या जवळच्या लोकांनाही भीती वाटत होती की हा माणूस जिवानिशी जातोय की काय. फोरमन 25 वर्षांचा, 40 पैकी 40 लढती जिंकलेला आणि त्यातल्या 37 नॉकआऊट. अली 32 चा, पाय आधीसारखे पळत नव्हते.

पण फोरमनने फ्रेझरला कसं पाडलं ते एकदा नीट बघा. जानेवारी 1973, किंग्स्टन, जमैका. फ्रेझर उंचीने जेमतेम सहा फूट, वाकून डोलत डोलत समोरच्याच्या अंगाशी यायचं आणि लेफ्ट हूक, म्हणजे डाव्या हाताचा बाजूने वळून येणारा ठोसा, मारायचा हा त्याचा खेळ. म्हणजे जिंकायचं तर त्याला आत यावंच लागणार. आणि फोरमनला नेमकं तेच पाहिजे होतं, तो दोन्ही हात लावून फ्रेझरला मागे ढकलायचा, मधे हातभर जागा झाली की अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा. दोन राऊंडमध्ये सहा वेळा फ्रेझर खाली गेला. नॉर्टनचं दुखणं वेगळं. तो पुढे चालत लढणारा, त्याला कोणी मागे रेटलं की त्याचे पाय गोंधळायचे, आणि फोरमनइतकं मागे रेटणारा दुसरा कोणी नव्हता. कॅराकसमध्ये तोही दुसऱ्याच राऊंडला संपला.

आता हेच दोघं अलीला का जड गेले? अलीची सवय ठोसा आला की डोकं मागे घेऊन चुकवायचं. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, तसा चुकतो पण फ्रेझरचा हूक बाजूने वळसा घेऊन यायचा आणि मागे गेलेल्या तोंडावर बसायचा, 8 मार्च 1971 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 15 व्या राऊंडला अली ज्याने पडला तो हाच. आणि नॉर्टन अलीच्या जॅबला तिथल्या तिथे जॅबनेच उत्तर द्यायचा त्यामुळे अलीची लयच बसायची नाही. अलीच्या या दोघांबरोबर तीन-तीन लढती झाल्या, नॉर्टनबरोबरच्या तिन्ही शेवटच्या राऊंडपर्यंत गेल्या आणि पहिल्या लढतीत तर अलीचा जबडा मोडला. म्हणजे अलीला अडचण ताकदवान माणसाची नव्हतीच. फोरमनचे ठोसे जबरदस्त, पण लांबून गोल फिरून येणारे, दिसणारे, आणि असे ठोसे बघायला अलीइतका तयार डोळा कुणाचा नव्हता.

30 ऑक्टोबर 1974, आफ्रिकेतलं किन्शासा, पहाटे चारची वेळ, अमेरिकेतल्या प्रेक्षकांना रात्री बघता यावं म्हणून. पहिल्या राऊंडला अली थेट उजव्या हाताने मारत होता, आधी डाव्याचा जॅब नाही काही नाही. उजव्या हाताला लांबचं अंतर कापून यावं लागतं म्हणून असं कोणी करत नाही, चॅम्पियनवर तर नाहीच, म्हणून फोरमनची त्यासाठी तयारीच नव्हती. दुसऱ्या राऊंडपासून अली दोरांना टेकला. लोकांना वाटलं संपला. मी ते मधले राऊंड आवाज बंद करून कितीतरी वेळा बघितलेत, कॉमेंट्री नसली की हातांकडे लक्ष जातं. फोरमनचे बहुतेक ठोसे अलीच्या कोपरांवर, दंडांवर पडतायत, आणि मधेच अली मिठी मारून फोरमनची मान खाली दाबतोय, जे नियमात बसत नाही पण रेफरीने चालू दिलं. प्रत्येक वेळी ती मान वर उचलायला फोरमनला ताकद लागत होती. आणि ताकद पुरवून वापरायची त्याला सवयच राहिली नव्हती, आधीच्या तीन टायटल लढती मिळून पूर्ण पाच राऊंडसुद्धा झाल्या नव्हत्या.

आठव्याच्या शेवटी अली दोरावरून सुटला, डाव्या हूकने फोरमनचं तोंड वर आलं आणि उजवा सरळ बसला. फोरमन गोल फिरत खाली जातोय, अलीचा उजवा हात पुन्हा ताणलेला आहे, मारायला पूर्ण जागा आहे, आणि तो मारत नाही. पडणाऱ्या माणसाबरोबर नुसता वळत जातो. मला आख्ख्या लढतीत तो क्षण सगळ्यात मोठा वाटतो.

मेव्हण्यांना सांगा, दोर सैल होते हे खरं आणि मागे रेलायला अलीला त्याचा फायदा झाला हेही खरं. पण अलीचे ट्रेनर अँजेलो डंडी यांनी मुद्दाम ढिले केल्याचा आरोप कायम नाकारला. शिवाय लढत थांबली तेव्हा गुणांच्या तिन्ही कार्डवर अलीच पुढे होता. ते काय दोरांनी केलं नाही.

प्रश्न: 1987 मध्ये जजनी शुगर रे लेनर्डला विजयी ठरवून मार्विन हॅगलरला लुटलं का? माझे बाबा अजून हळहळतात.
- एक वाचक, डोंबिवली

उत्तर: बाबांचं दुःख मला कळतं, मलाही हॅगलरच जास्त आवडायचा. 1976 पासून हरलेला नव्हता, आणि समोर लेनर्ड, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालेला, पाच वर्षांत फक्त एक लढत खेळलेला. राऊंड जिंकला की 10 गुण, हरला की 9, आणि पडला की दर वेळी आणखी एक कमी, या हिशोबाने एका जजने 115-113 हॅगलरला दिलं, दुसऱ्याने 115-113 लेनर्डला, तिसऱ्याने 118-110 लेनर्डला. तिसरं कार्ड चुकीचंच आहे, दहा राऊंड लेनर्ड जिंकला असं कुठल्याच बाजूने दिसत नाही. पण 115-113 कुणालाही द्या, मी भांडणार नाही.

मला विचाराल तर हॅगलर ही लढत आधी टेबलावर हरला. लेनर्डच्या लोकांनी 15 ऐवजी 12 राऊंड मागितले, मोठी रिंग मागितली, 10 औंसचे ग्लोव्हज मागितले, आणि हॅगलरने जास्त पैशाच्या बदल्यात हे सगळं दिलं. पळणाऱ्या माणसाला मोठं अंगण आणि कमी वेळ! त्यात एरवी डावखुऱ्यासारखा उभा राहून लढणारा हा माणूस सुरवातीला उजव्या स्टान्सने, म्हणजे उजव्या हाताच्या बॉक्सरसारखा, उभा राहिला, का ते देव जाणे, आणि ते राऊंड हातातून गेले. लेनर्डचं डोकं बघा, राऊंडचं अर्धं मिनिट उरलं की कॉर्नरमधून हाक यायची आणि तो ठोशांची सरबत्ती करायचा, जजच्या मनात शेवटचं तेच राहायचं. त्यातले किती लागले, किती हवेत गेले हे स्लो करून बघा म्हणजे बाबांचा राग बराचसा पटेल. हॅगलर पुन्हा कधीच लढला नाही, इटलीला जाऊन राहिला, 2021 मध्ये वारला.

प्रश्न: बॉक्सर मॅनी पॅकियाओला हुआन मॅन्युएल मार्केझने त्यांच्या चौथ्या लढतीत पाडलं तो लकी पंच होता का?
- इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, नांदेड

उत्तर: नाही. आधी 2004 ची पहिली लढत बघ. पहिल्याच राऊंडला मार्केझ तीनदा पडला, नाकातून रक्त, आणि तिथून उठून त्याने लढत ड्रॉ केली. एका जजने त्या राऊंडला 10-6 ऐवजी 10-7 लिहिलं आणि नंतर चूक कबूलही केली, तो एक पॉइंट नीट लिहिला असता तर पॅकियाओ जिंकला असता. पुढच्या दोन्ही लढती पॅकियाओला अगदी थोडक्यात मिळाल्या आणि मार्केझला तिन्ही आपल्याच वाटत होत्या. डिसेंबर 2012 ला तो जजवर काही सोडायचंच नाही असं ठरवल्यासारखा लढला. तिसऱ्या राऊंडला वरून आलेल्या उजव्याने पॅकियाओ पडला, म्हणजे तो हात आधीच एकदा लागलेला होता. पाचव्यात मार्केझ पडला. सहाव्यात त्याचं नाक फुटलेलं, तिन्ही कार्डवर तो एका पॉइंटने मागे, राऊंड संपायला एक सेकंद, पॅकियाओ नेहमीसारखा झपकन आत आला आणि मार्केझने छोटासा उजवा समोर ठेवला. पॅकियाओ तोंडावर पडला तो हललाच नाही. लोक पाचव्या लढतीसाठी मागे लागले होते, मार्केझने ती दिली नाही.