शिखर नको, दारं बघा

जुन्या दगडी इमारतींबद्दल वाचक विचारतात आणि नौपाड्यातला एक निवृत्त वास्तुरचनाकार उत्तर देतो. या वेळी तिन्ही पत्रं एकाच विषयाच्या आसपासची आहेत.

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त ब्रिस्टलला असतो. आम्ही तिकडे गेलो तेव्हा राजा राममोहन रॉय यांची समाधी बघायला आर्नोस व्हेल दफनभूमीत गेलो. तिथे दोन प्रार्थनाघरं दिसली, एक ग्रीक देवळासारखं खांबांचं आणि दुसरं घंटेच्या मनोऱ्याचं. पुढे एका लहान गावच्या दफनभूमीत तर दोन जुळी चर्चं मधे कमान घालून जोडलेली होती. एका दफनभूमीला दोन चर्चं कशाला? शिवाय आर्नोस व्हेलमध्ये लोक चहा-केक खात बसले होते, लग्नंसुद्धा लागतात म्हणे. मनाला पटलं नाही. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, ती चर्चं नव्हेत, दफनभूमीची चॅपल आहेत. चर्चला आपली वस्ती असते. रविवारची प्रार्थना, बाप्तिस्मे, लग्नं, वर्षभराची ये-जा असते. चॅपलच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. शवपेटी आत आणायची, मधल्या चौथऱ्यावर ठेवायची, पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हणायची आणि मंडळींनी पेटी उचलून कबरीकडे निघायचं. त्या थोड्या वेळासाठी ही इमारत बांधलेली. म्हणून ती लहान असते, आणि म्हणूनच तिच्या शिखराकडे बघत बसलात तर हाती काही लागत नाही. दारं बघा. पेटी कुठून येते आणि कुठून जाते हे कळलं की नकाशा आपोआप उलगडतो.

आता दोन का, ते सांगतो. याचं मूळ कायद्यात आणि पंथांच्या भांडणात आहे. 1880 पर्यंत इंग्लंडमध्ये गावच्या चर्चच्या आवारात पुरायचं तर अंत्यविधी चर्च ऑफ इंग्लंडच्याच पद्धतीनं व्हायचा. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट वगैरे वेगळ्या पंथांच्या लोकांना आपल्या माणसाच्या कबरीवर आपल्या पद्धतीची प्रार्थना म्हणायची सोय नव्हती. त्यात शहरांतली ही आवारं भरून वाहत होती. 1832 च्या आणि 1848-49 च्या कॉलऱ्यानं तर कडेलोट केला. आधी खासगी कंपन्यांनी शहराबाहेर दफनभूमी काढल्या. लंडनची केन्सल ग्रीन 1833 ची, तुमची आर्नोस व्हेल 1839 ची. मग 1852 आणि 1853 च्या कायद्यांनी गावोगावी दफन मंडळं नेमायची सोय केली आणि करदात्यांच्या पैशातून ही कामं होऊ लागली. नव्या जागेचे दोन भाग पडायचे. एक बिशपनं विधिपूर्वक पवित्र केलेला, दुसरा तसाच ठेवलेला. जमिनीचे दोन भाग, मग चॅपलही दोन.

आर्नोस व्हेलला ती वेगवेगळी उभी आहेत. चार्ल्स अंडरवूड या वास्तुरचनाकारानं वेगळ्या पंथीयांना ग्रीक खांब दिले आणि अँग्लिकनांना, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडवाल्यांना, इटालियन वळणाची घंटेची इमारत. गावच्या मंडळाकडे एवढे पैसे कुठले? त्यांनी एकाच इमारतीत दोन्ही बसवलं. मधे कमान, कमानीवर मनोरा, दोन्ही बाजूंना जवळपास सारखीच चॅपल. मनोऱ्याचा खर्च एकदाच आणि कोणता पंथ मोठा हा वादही मिटला. (पूर्ण मिटला नाही. नीट निरखून पाहिलंत तर बऱ्याच ठिकाणी अँग्लिकन बाजूच्या खिडकीतली दगडी जाळी थोडी अधिक नक्षीदार सापडते. मला अशा बारीकसारीक कुरघोड्या शोधायला फार आवडतं.) कमान शोभेची नाही. घोड्यांची शववाहिका थेट तिच्याखाली येऊन थांबायची, म्हणजे पेटी आणि माणसं पावसात भिजत नसत. मंगल कार्यालयाच्या पोर्चचं काम तेच, प्रसंग तेवढा वेगळा. पुष्कळ ठिकाणी बाहेर पडायला निराळं दार असतं, कारण मागून दुसरी अंत्ययात्रा येत असायची. रडत बाहेर पडणाऱ्या घराची गाठ रडत आत येणाऱ्या घराशी पडू नये, एवढा विचार त्या दारामागे आहे. ठाण्याच्या जवाहरबाग स्मशानात पावसाळ्यात एकाच वेळी दोन तिरड्या आलेल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना त्या दाराची किंमत वेगळी सांगायला नको.

खांबांचं ग्रीक की टोकदार कमानींचं गॉथिक, यावरून तेव्हा खरोखरच हमरीतुमरी झाली. केन्सल ग्रीनसाठी स्पर्धा घेतली, पहिलं बक्षीस एच. ई. केंडल यांच्या गॉथिक आराखड्याला मिळालं. पण कंपनीचे कर्तेधर्ते बँकर सर जॉन डीन पॉल यांना ग्रीक हवं होतं, आणि उभं राहिलं ते जॉन ग्रिफिथ यांचं ग्रीकच. परीक्षकांनी एक ठरवायचं आणि मालकानं दुसरं बांधायचं, ही रीत आपल्याकडचीच असा माझा समज त्यांनी दूर केला. तिथल्या अँग्लिकन चॅपलमध्ये पाण्याच्या दाबावर चालणारा चौथरा आहे. प्रार्थना संपली की पेटी त्याच्यासकट खाली तळघरात उतरते. पुढे वारं फिरलं. गॉथिकचा कट्टर पुरस्कर्ता प्यूजिन यानं 1843 मध्ये इजिप्शियन थाटाच्या दफनभूमी-दरवाजांची चित्रं काढून यथेच्छ टर उडवली, आणि 1850 नंतरच्या गावोगावच्या चॅपलांवर टोकदार कमानी आल्या. तुम्ही पाहिलेली जुळी जोडी बहुधा त्याच लाटेतली. या साऱ्यात मला आवडतं ते लंडनचं ॲबनी पार्क. विल्यम हॉस्किंग यांनी 1840 मध्ये तिथे सगळ्या पंथांना मिळून एकच चॅपल बांधलं आणि जमीनही बिशपकडून पवित्र करून घेतली नाही. भांडणाचं मूळच ठेवलं नाही.

राहिला चहा. आपण स्मशानातून आल्यावर आंघोळ झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाही, तेव्हा तुम्हाला ते खटकणं साहजिक आहे. पण आधी काय चाललं होतं ते ऐका. 1885 मध्ये वोकिंगला दहन सुरू झालं, 1902 मध्ये त्याचा कायदा आला आणि आज ब्रिटनमध्ये तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांचं दहनच होतं. चॅपल रिकामी पडली. रिकाम्या इमारतीच्या छपरावरचं शिसं चोरीला जातं, मग पाणी शिरतं, मग लाकूड कुजतं. नेमकं याच क्रमानं. लंडनच्या वेस्ट नॉरवुडमधली विल्यम टाइट यांची चॅपल दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबनं खिळखिळी झाली आणि पुढे पाडली गेली. लंडनच्याच ननहेडचं चॅपल 1970 च्या दशकात जाळपोळीत आतून खाक झालं. आर्नोस व्हेलवर तर नव्या इमारती उभारायचा घाट होता. गावकरी वर्षानुवर्षं भांडले, शेवटी 2003 मध्ये ब्रिस्टल महापालिकेनं सक्तीनं ती जागा ताब्यात घेतली आणि दुरुस्ती झाली. आता तिथे रोज दार उघडतं, दिवे लागतात, कुठे टपकत असेल तर त्याच दिवशी कळतं. मला विचाराल तर चहावाल्याचा त्या छपरावर उपकार आहे. लग्नाचं तुम्ही आणि मुलानं ठरवा.

आणि ती समाधी पाहिलीत हे बरं केलंत. 1833 मध्ये ब्रिस्टलजवळच्या स्टेपलटनला राममोहन रॉय गेले तेव्हा त्यांना तिथल्याच एका बागेत पुरलं होतं. दहा वर्षांनी द्वारकानाथ टागोरांनी त्यांना आर्नोस व्हेलमध्ये आणवलं आणि विल्यम प्रिन्सेपकडून त्यांच्यावर ती छत्री उभारून घेतली. द्वारकानाथ स्वतः 1846 मध्ये लंडनला वारले, ते केन्सल ग्रीनमध्ये आहेत. पुढच्या खेपेला वेळ काढलात तर ब्रुकवूडच्या दफनभूमीतही जा. तिथे पारशी विभागात जमशेटजी टाटांची कबर आहे.

प्रश्न : आपल्या भागात असं जुळं चॅपल बघायला मिळेल का? – एक विद्यार्थी, चरई

उत्तर : जुळं शोधत बसू नकोस, त्याच काळातलं दगडकाम बघ. सुरुवात घराजवळ कर. ठाण्याचं सेंट जेम्स चर्च बिशप हेबर यांनी 1825 मध्ये विधिपूर्वक पवित्र केलं, म्हणजे व्हिक्टोरिया गादीवर यायच्याही आधी. गॉथिक हवं असेल तर कुलाब्याचं अफगाण चर्च. 1858 साली पवित्र झालं, आतली कारागिरी बघताना मान दुखते. मग शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी. बोरीबंदर स्टेशनचे वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आणि गेटवेचे जॉर्ज विटेट, दोघंही तिथे विसावलेत. परवानगी विचारून आत जा, अंत्यविधी चालू असेल तर वही पिशवीत ठेव.

प्रश्न : आमच्या दफनभूमीतल्या जुन्या दगडी प्रार्थनाखोलीत ओल येते. कंत्राटदार म्हणतो, सांधे सिमेंटनं भरू आणि वरून सिलिकॉनचा हात मारू. कमिटी तयार आहे. – कमिटी सदस्य, ठाणे पश्चिम

उत्तर : कमिटीला थांबवा. आपला काळा दगड घट्ट असतो, पाणी दगडातून येत नाही, सांध्यातून येतं आणि चुना असेल तर सांध्यातूनच वाळून जातं. सिमेंट भरलंत की ते आत कोंडतं, आतल्या गिलाव्याला पोपडे धरतात आणि कंत्राटदार पुढच्या वर्षी पुन्हा दारात. खिडक्यांच्या चौकटी पोरबंदर दगडाच्या असतील तर त्यांचे पापुद्रे निघतील, कारण तो दगड सच्छिद्र असतो. सिलिकॉनबद्दल मी छापण्याजोगं काही बोलू शकत नाही.

आधी छपरावर चढा. पन्हळ तुंबलीय का, कौलं सरकलीत का, भिंत आणि छप्पर जुळतात तिथे पिंपळ आलाय का ते बघा. नव्वद टक्के ओल तिथली असते, हा माझा अंदाज, पण पैज लावायला तयार आहे. पिंपळ उपटू नका, कापून मुळं मारा, ओढलात तर दगड घेऊन येतो. मग जुने सांधे छिन्नीनं हलक्या हातानं उकरून, चांगला मुरवलेला चुना एक भाग आणि चाळलेली वाळू तीन भाग असं मिश्रण भरा. आजचे कारागीर बिचकतात, पण चुन्याचं काम केलेला गवंडी अजून मिळतो, जुन्या देवळांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे चौकशी करा. काम दसरा उलटल्यावर काढा. उन्हात सांधा पटकन वाळला तर चिरतो, म्हणून ओलं गोणपाट टांगून ठेवायचं आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला एक माणूस नेमायचा. त्याची मजुरी अंदाजपत्रकात वेगळी लिहून घ्या, नाहीतर पहिली कात्री तिलाच लागते.