सरावात अपघाताने गेलेल्या जवानाचं नाव गावातल्या स्मारकावर घालावं का?

घालाच. आणि नावापुढे कंसात "अपघाती" वगैरे काही लिहू नका. तुम्ही लिहिलंय की गावातले काही लोक "तो कुठं लढाईत गेला" म्हणून अडून बसलेत. हेच वाक्य मी आमच्या ग्रामसभेत ऐकलंय, म्हणून उत्तर द्यायला बसले.

माझा धाकटा भाऊ मेकनाइज्ड इन्फन्ट्रीत बीएमपीचा, म्हणजे जवानांना नेणाऱ्या चिलखती गाडीचा, ड्रायव्हर होता, ट्रेनिंग नगरला झालेलं. राजस्थानात सराव चालू होता, रात्रीची वेळ, अशा वेळी हेडलाइट बंद ठेवूनच गाड्या चालवतात कारण खऱ्या लढाईत लाइट लावला की संपलं. वाळूच्या टेकाडावर ती १४ टनांची गाडी उलटली. बाकीचे वाचले, हा गेला.

त्याच्या देहासोबत त्याच्या युनिटचे सुभेदार साहेब आले होते. सलामी झाली, लोक पांगले, तेव्हा आबांनी त्यांना एकच विचारलं, "पोराची काय चूक झाली का हो?" साहेब आबांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "नाही बाबा, सांगितलेल्या रस्त्यानेच नेत होता." नंतर त्याची काळी ट्रंक आली, झाकणावर पांढऱ्या पेंटने नंबर आणि नाव. कपड्यांच्या खाली एक वही होती, तेलाचं प्रेशर किती हवं, इंजिन किती तापलं की थांबायचं, ट्रॅक (गाडीच्या चाकांवरचा लोखंडी पट्टा) कसा ताणायचा, सगळं वळणदार अक्षरात, आकृत्यांसकट. बारावी कशीबशी पास झालेला पोरगा!

आमच्या शाळेपुढच्या दगडावर पहिल्या महायुद्धापासूनची नावं आहेत. १५ ऑगस्टच्या आधी ग्रामसभेत विषय निघाला तर एक माजी सरपंच उठून म्हणाले, "उद्या कोण एसटीखाली सापडला तर त्याचंही नाव घालायचं का?" आबा काही न बोलता उठून गेले आणि सभेत एकानेही तोंड उघडलं नाही.

तर माजी सरपंच तात्या, एसटीखाली सापडणारा आपल्या कामाला निघालेला असतो, ह्याला हुकूम होता. आणि त्या दगडावरचे सगळे गोळीनेच गेले असं वाटतं का तुम्हाला? १९१५-१६ साली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत गावाच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या, तिथे उपासमार होती, स्कर्व्ही (ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणारा रोग) होता, पुढे तुर्कांच्या कैदेत माणसं चालता चालता पडली. मेसोपोटेमियात कॉलऱ्याने किती गेले. त्यांची नावं काढायची का मग? जून २०२४ मध्ये लडाखला श्योक नदीचं पाणी रात्रीत वाढून सरावातला टी-७२ रणगाडा अडकला, पाच जवान गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात देवळालीला तोफेच्या सरावात दोन अग्निवीर गेले. ही पोरं काय पिकनिकला गेली होती? सराव न करता फौज उभी राहते असं ज्याला वाटतं त्याने स्मारकाच्या कमिटीत बसू नये.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात २५ हजारांच्या वर नावं आहेत पण ती लढाया आणि मोहिमांमधली. म्हणजे सरावात गेलेल्याला गावाचा दगड हीच जागा, ती पण नाकारली तर कुठे जायचं त्याच्या माणसांनी? आमच्याकडे शेवटी नाव लागलं, पण ग्रामपंचायतीत बॉडी बदलल्यावर.

हां, एक राहिलं. आधी त्याच्या आईला आणि बायकोला विचारा, माझ्या भावजयीला भाषणं, लाऊडस्पीकर अजिबात नको होतं, फक्त नाव हवं होतं. आणि दगडाच्या नादात पेन्शनचे कागद मागे पाडू नका. जिवंत दारूगोळ्याच्या सरावातला मृत्यू आणि ड्युटीवरचा साधा अपघात यांना नियम वेगळे आहेत, पहिल्यात शेवटच्या पगाराइतकी पूर्ण फॅमिली पेन्शन बसू शकते, दुसऱ्यात ६० टक्के. अग्निवीर असेल तर पेन्शनच नाही, विमा आणि सानुग्रह रक्कम मिळते. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्कराच्या चौकशीत, काय लिहिलंय त्यावर बरंच ठरतं, तेव्हा त्याची कॉपी मागा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घरच्यांसोबत कोणीतरी लिहिता-वाचता माणूस पाठवा.