अमेरिकन यादवी युद्धात बहुतेक बोटी उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांभोवती घातलेली नाकेबंदी चुकवून निसटत होत्या, मग त्या नाकेबंदीने दक्षिणेचं, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांचं, खरंच काही बिघडलं का?

बिघडलं, आणि बरंच बिघडलं. तुमचं म्हणणं मात्र चुकीचं नाही. नाकेबंदी चुकवणाऱ्या आगबोटींच्या दर सहा खेपांपैकी साधारण पाच सुखरूप पार पडत, 1861 मध्ये तर दहांतल्या नऊ. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी एप्रिल 1861 मध्ये नाकेबंदी पुकारली तेव्हा साडेतीन हजार मैलांचा किनारा राखायला उत्तरेकडे नव्वदेक जहाजं होती, आणि प्रत्यक्ष सेवेत त्यातली निम्मीसुद्धा नव्हती.

पण हा हिशेब निसटलेल्या बोटींचा झाला. भीतीने जी जहाजं निघालीच नाहीत ती यात कुठे धरणार? युद्धाआधीच्या चार वर्षांत दक्षिणेच्या बंदरांत वीस हजारांहून जास्त जहाजांची ये-जा झाली होती, युद्धाच्या चार वर्षांत आठेक हजार खेपा झाल्या. शिवाय पूर्वीची जहाजं पोटभर कापूस भरून निघायची. नासाऊ किंवा बर्म्युडा या जवळच्या ब्रिटिश बेटांवरच्या बंदरांतून रात्री अंधारात दक्षिणेच्या विल्मिंग्टन बंदरात शिरणाऱ्या बोटी अरुंद, उथळ आणि राखाडी रंगाच्या होत्या, वेगासाठी बांधलेल्या, त्यामुळे माल बेताचाच मावायचा. युद्धाआधीच्या तीन वर्षांत कापसाच्या एक कोटीहून जास्त गाठी परदेशी गेल्या होत्या, युद्धाच्या शेवटच्या तीन वर्षांत जेमतेम पाच लाख.

यातला थोडा दोष दक्षिणेचाही. कापूस अडवला की इंग्लंड झक मारत मदतीला येईल या भरवशावर पहिल्या वर्षी मळेवाल्यांनी आपणहून माल रोखला. इंग्लंडची गोदामं आधीच्या भरघोस पिकांनी भरलेली होती. विकायची वेळ आली तेव्हा उत्तरेची गस्त वाढली होती आणि एप्रिल 1862 मध्ये न्यू ऑर्लिन्ससारखं बंदरही हातचं गेलं.

माझ्या मते खरा घाव बसला तो देशांतर्गत वाहतुकीवर, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. दक्षिणेत जड माल एका बंदरातून दुसऱ्या बंदरात किनाऱ्याकिनाऱ्याने जायचा. ते बंद झाल्यावर सगळा भार रेल्वेवर आला. ती आधीच तुटपुंजी, त्यात ठिकठिकाणी रुळांची रुंदी वेगळी. नवे रूळ आणायचे कुठून? चोरट्या बोटीत रूळ कोण भरणार, वजन फार आणि नफा कमी. मग फाट्यांवरचे रूळ उखडून मुख्य मार्गांना लावायची पाळी आली. एकीकडे धान्य पडून आणि दुसरीकडे शहरात टंचाई, असं चित्र दिसू लागलं. 2 एप्रिल 1863 ला खुद्द दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, बायकांनी भाकरीसाठी दुकानं फोडली. सगळं खापर नाकेबंदीवर फोडता येणार नाही, सैन्यासाठी होणारी धान्याची जप्तीही त्यामागे होती.

महागाईचंही तसंच. भाव शेवटी युद्धाआधीच्या नव्वद पटींच्या आसपास गेले, ते मुख्यतः बेसुमार नोटा छापल्यामुळे. पण त्या काळी सरकारी उत्पन्नाचा मोठा आधार असायचा जकातीचा, आणि बंदरंच ओस पडल्यावर जकात घेणार कुणाकडून?

बोटवाल्यांची मात्र चंगळ. कप्तानाला एका फेरीचे पाच हजार डॉलर मिळत, तेही सोन्यात. खासगी मालक साहजिकच रेशीम, दारू असा कमी जागेत जास्त पैसा देणारा माल आणत. शेवटी फेब्रुवारी 1864 मध्ये चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर बंदी आली आणि बोटीतली अर्धी जागा सरकारी मालासाठी राखून ठेवायचा नियम झाला. उशीरच झाला म्हणायचा.

एक गोष्ट मान्य करायला हवी: बंदुका येत राहिल्या. दक्षिणेच्या निम्म्याहून जास्त बंदुका याच वाटेने आल्या, त्यामुळे नाकेबंदीने सैन्य निःशस्त्र झालं असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. सैन्याच्या मागे जे घर, बाजार आणि रेल्वे होती, ती खिळखिळी झाली. जानेवारी 1865 मध्ये विल्मिंग्टनची राखण करणारा फोर्ट फिशर हा किल्ला पडला, त्या बंदराचं तोंड बंद झालं, आणि काही महिन्यांत युद्धच संपलं.

जाता जाता, याची झळ आणि ऊब दोन्ही आपल्याकडेही पोचली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या तसा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशांचा पूर आला, समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे मिटून घेऊ लागले. 1865 मध्ये तिकडे शांतता झाल्याची बातमी आली आणि इकडे कापूस कोसळला, त्यापाठोपाठ शेअर. पुढे त्यातच बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.